बर्फावरच्या तंबूला श्वास हवा

डिसेंबर उजाडला की घराघरांत सहलीचे बेत शिजू लागतात. एके काळी हे बेत महाबळेश्वर-माथेरानच्या पलीकडे जात नसत. आता नातवंडांना बर्फ पाहायचा असतो. आणि नुसता पाहायचा नसतो, त्यावर तंबू ठोकून एक रात्र काढायचीही असते. मनालीजवळचे सोलंग, काश्मीरमधील गुलमर्ग, उत्तराखंडातील औली ही नावे पुण्या-नाशिकच्या दिवाणखान्यांत सहज ऐकू येतात. ‘‘आई, बाबा, तुम्हीही चला. मोठा तंबू घेऊ, सगळे एकत्र झोपू,’’ असे मुलगा म्हणतो. आजीला आनंद होतो आणि त्याच वेळी तिच्या पोटात गोळाही येतो. आनंद एकत्र राहण्याचा असतो. गोळा थंडीचा, गुडघ्यांचा आणि रात्री दोनदा उठावे लागते त्याचा. आनंद ती बोलून दाखवते. गोळ्याविषयी मात्र गप्प राहते, मुलांच्या उत्साहावर विरजण पडू नये म्हणून.

आजचा लेख या न बोललेल्या गोळ्याविषयी आहे. ज्येष्ठांना सोबत घेऊन बर्फावर रात्र काढायची असेल, तर तंबू कसा निवडावा? तो विकत घ्या, भाड्याने घ्या, किंवा सहल नेणाऱ्यांनी आधीच उभारलेला असो; निवडीचे निकष तेच राहतात. आणि त्यांतील पहिला निकष बहुतेकांना वाटतो तो नव्हे. बहुतेक जण विचारतात, ‘‘तंबू उबदार आहे ना?’’ विचारायला हवे ते असे, की तंबूत हवा खेळते ना, आणि माणसाला उठता-बसता येते ना.

तंबू ऊब देत नाही

घराची भिंत दिवसाची ऊब काही काळ धरून ठेवते. तंबूचे पातळ कापड तसे करू शकत नाही. वारा आणि हिम अडवणे, एवढेच त्याचे काम. शांत झोपलेल्या माणसाच्या शरीरातून साधारण ७० ते ८० वॅट उष्णता बाहेर पडत असते. जुन्या पिवळ्या दिव्याएवढी म्हणा. चार माणसे म्हणजे असे चार दिवे. तेवढ्यावर कापडाची खोली बाहेरच्यापेक्षा काही अंशांनी उबदार होते, त्याहून अधिक नाही. म्हणून ‘लहान तंबूत दाटीवाटीने झोपू, म्हणजे थंडी वाजणार नाही’ हा हिशेब फसवा आहे. दाटीने ऊब थोडी वाढते, अडचण मात्र फार वाढते.

ऊब असते ती अंगावरच्या कोरड्या कपड्यांत, झोपण्याच्या पिशवीत आणि सर्वांत अधिक पाठीखालच्या गादीत. आपल्या वजनाने पांघरुणाचा खालचा भाग दबतो, त्यातली हवा निघून जाते आणि बर्फ थेट पाठीतून ऊब ओढून घेतो. गिर्यारोहणाच्या गाद्यांवर ‘आर’ या अक्षरापुढे एक आकडा छापलेला असतो. तो जितका मोठा, तितकी गादी गारठा अधिक अडवते. बर्फावर झोपायचे तर हा आकडा ५ किंवा त्याहून अधिक असावा. दोन गाद्या एकावर एक घातल्यास आकड्यांची बेरीज होते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. ज्येष्ठांसाठी घडीची खाट सोयीची, कारण तिच्यावरून उठणे सोपे जाते. पण खाटेखालून थंड हवा वाहते, तेव्हा खाटेवरही जाड गादी हवीच.

थोडक्यात, ऊब गादी आणि पांघरुणाकडे मागावी. तंबूकडे दुसऱ्या दोन गोष्टी मागाव्यात : हवा आणि जागा.

हवा : भिंतीवरचे दव आणि न दिसणारा वायू

झोपेत आपल्या श्वासातून आणि त्वचेतून रात्रभरात पेलाभर तरी पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते. चौघांचे मिळून चार पेले झाले. थंड कापडाला लागताच ही वाफ दवासारखी साचते, गोठते, आणि पहाटे कोणी कूस बदलली की हिमकण होऊन पांघरुणावर झरते. ओले पांघरूण ऊब धरत नाही. दमा किंवा जुना खोकला असलेल्या माणसाला ही ओल अधिकच त्रास देते. म्हणून बर्फावरचा तंबू दोन थरांचा असावा. आतला थर वाफ जाऊ देणारा, बाहेरचा वारा-पाणी अडवणारा, आणि दोहोंमध्ये वीतभर तरी मोकळी जागा. छताजवळ एक आणि खाली एक असे दोन झरोके हवेत, कारण दमट हवा वरून निघून जाते आणि कोरडी हवा खालून आत येते. झरोके आतून उघडता-मिटता यावेत. रात्री हिम पडू लागले की खालचा झरोका बुजतो. तो मोकळा करण्याचे काम कोणा एकाकडे नेमून द्यावे.

दव हा त्रास झाला. वायू हा प्राणांचा प्रश्न आहे.

थंडी असह्य झाली की तंबूत सिगडी आणण्याचा मोह होतो. उत्तर भारतात बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेले कुटुंब सकाळी उठलेच नाही, अशा बातम्या हिवाळ्यात वर्तमानपत्रांत येत राहतात. कोळसा, लाकूड, रॉकेल, गॅस यांपैकी काहीही अपुऱ्या हवेत जळले की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो आणि प्राणवायूची जागा अडवून बसतो. लालबुंद फुललेला निखारा तर सर्वांत फसवा. त्यातून धूर निघत नाही, म्हणून आपण निर्धास्त होतो. धूर नाही म्हणजे विष नाही, असे मुळीच नव्हे.

बर्फाच्या प्रदेशात आणखी एक गुंता आहे. वर सांगितलेली ठिकाणे साधारण २,५०० मीटर किंवा त्याहून अधिक उंचीवर आहेत. २,५०० ते ३,००० मीटर उंचीवर एका श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या सुमारे ७० ते ७५ टक्केच असतो. तेथे पहिल्या दिवशी डोके दुखणे, मळमळणे, गळून जाणे हे विरळ हवेमुळेही होते आणि या वायूमुळेही होते. दोन्हींची लक्षणे सारखीच. ‘उंचीचा त्रास आहे, झोपला की बरे वाटेल,’ असे म्हणून माणसाला त्याच विषारी तंबूत पुन्हा निजवले जाते. एक खूण मात्र मनाशी धरा. ज्या तंबूत किंवा त्याच्या ओसरीत काही पेटवले आहे, तेथील एकाहून अधिक माणसांचे डोके एकाच सुमारास दुखू लागले, तर उंचीला दोष देत बसू नका. सर्वांना लगेच मोकळ्या हवेत आणा आणि वैद्यकीय मदत मिळवा.

कोविडच्या काळापासून पुष्कळ घरांत बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आहे. सहलीला तो अवश्य न्यावा, परंतु येथे त्याच्यावर विसंबू नये. हिमोग्लोबिनला प्राणवायू चिकटला आहे की कार्बन मोनॉक्साइड, हा भेद साधे ऑक्सिमीटर ओळखत नाही. माणूस विषबाधेने अर्धवट शुद्धीत असताना आकडा ९७ दिसू शकतो. आकडा चांगला आहे म्हणून लक्षणांकडे डोळेझाक करणे, ही चूक महागात पडते.

अनुभवी माणसेही येथे फसली आहेत. अमेरिकेचे दर्यासारंग रिचर्ड बर्ड यांनी १९३४ सालचा हिवाळा अंटार्क्टिकावर एकट्याने काढला. ‘लिटल अमेरिका’ या मुख्य तळापासून सुमारे २०० किलोमीटर दूर, बर्फात पुरलेल्या एका लहानशा खोलीत राहून ते हवामानाच्या नोंदी घेत होते. शेगडीचा आणि विजेच्या यंत्राचा वायू नीट बाहेर पडेना. बर्ड दिवसेंदिवस खंगत गेले. पण बिनतारी संदेशांत त्यांनी आपले दुखणे झाकून ठेवले, कारण ते कळले असते तर ध्रुवीय रात्रीच्या अंधारात सहकारी जीव धोक्यात घालून निघाले असते. अखेर त्यांच्या संदेशांतील विस्कळीतपणावरूनच तळावरच्या लोकांना शंका आली आणि ऑगस्टमध्ये तीन माणसे त्यांच्यापर्यंत पोहोचली. बर्ड वाचले. या हकिकतीतले दोन धागे आपल्या उपयोगाचे आहेत. एक, वायू बाहेर जाण्याची वाट बंद झाली की कणखर माणूसही हतबल होतो. दुसरा, दुसऱ्यांना त्रास नको म्हणून आपला त्रास लपवणे. हा दुसरा धागा आपल्या घरातल्या आजी-आजोबांच्या ओळखीचा आहे.

थंडीत पिढ्यान्‌पिढ्या राहणारे लोक हवेचे महत्त्व जाणून आहेत. लडाखमधील चांगथांगच्या पठारावर पश्मिना शेळ्या पाळणारे चांगपा याकच्या केसांपासून विणलेल्या ‘रेबो’ नावाच्या तंबूत राहतात. त्याच्या छतात धूर जाण्यासाठी मोकळी फट ठेवलेली असते. एवढ्या कडाक्यातही त्यांनी ती शिवून टाकलेली नाही. ज्या तंबूत चूल पेटते, त्याचे छत उघडे असते. आपल्या नायलॉनच्या तंबूत अशी फट नसते. म्हणून तेथे चूल, सिगडी, गॅसचा हीटर, मेणबत्ती यांपैकी काहीच पेटवू नये. स्वयंपाक बाहेर किंवा वेगळ्या उघड्या तंबूत करावा. धुराड्याची शेगडी बसवलेले खास तंबू मिळतात खरे. पण ते जाणत्याने, जागे राहून वापरायचे असतात. शेगडी पेटती ठेवून झोपू नये, हा नियम त्यांनाही लागू आहे. कार्बन मोनॉक्साइड ओळखून वाजणारा, बॅटरीवर चालणारा छोटा गजर जवळ असलेला चांगला. तो किती थंडीपर्यंत चालतो, हे त्याच्या माहितीपत्रकात पाहून घ्या. गजर आहे म्हणून सिगडी पेटवायला मोकळीक मिळाली, असे मात्र समजू नका.

जागा : खडू घ्या आणि आखून पाहा

आता जागेविषयी. तंबूवर लिहिलेला ‘चार माणसांसाठी’ हा शब्दप्रयोग जपून वाचावा. त्याचा अर्थ एवढाच, की चार अरुंद गाद्या एकमेकींना चिकटून मावतात. अशा तंबूची जमीन पुष्कळदा ७ फूट बाय ८ फूट एवढीच असते. म्हणजे प्रत्येकाला २ फूट रुंदी मिळते. हिवाळ्यातल्या फुगीर पांघरुणांना, जाड कोटांना, बुटांना आणि औषधांच्या पिशवीला त्यात जागा नाही. बर्फासाठी दर माणशी २५ चौरस फूट जागा धरावी, असा माझा ठोकताळा आहे. म्हणजे चौघांसाठी १०० चौरस फूट, अर्थात सहा ते आठ माणसांसाठी म्हणून विकला जाणारा तंबू.

हा हिशेब कागदावर पटत नाही. म्हणून एक सोपा प्रयोग सांगतो. दिवाणखान्यातले सामान बाजूला सारा आणि तंबूच्या मापाचा चौकोन खडूने जमिनीवर आखा. दार कोठे असेल तेथे खूण करा. रात्री सर्वांनी त्या चौकोनात आडवे व्हा, दिवे मालवा, आणि मग आजोबांना उठून दाराबाहेर जायला सांगा. किती जणांना ओलांडावे लागले? उठताना कशाचा आधार मिळाला? कोणाच्या पायावर पाय पडला? बूट बसून घालता आले की वाकून? या पाच मिनिटांत जे कळते, ते दुकानातल्या रंगीत चित्रांतून कधीच कळणार नाही. या प्रयोगात ‘जमणार नाही’ असे दिसले, तर तेही घरीच कळलेले बरे.

जागा केवळ लांबी-रुंदीत मोजू नये. मध्यभागी उंची ६ फूट असावी, म्हणजे उभे राहून विजार चढवता येते. ज्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे त्यांना रांगत तंबूत शिरणे शक्य नसते, तेव्हा दार निदान ५ फूट उंच हवे. दारे दोन असलेली उत्तम; एक हिमाने अडले तर दुसरे मोकळे राहते, आणि रात्री उठणाऱ्याला इतरांना ओलांडावे लागत नाही. दारापुढे कापडाची ओसरी असावी. ओले बूट, काठी आणि हिम झाडलेला कोट तिथेच राहतो, आत ओल येत नाही. दाराच्या चेनला मोठी दोरी बांधून घ्यावी. संधिवाताच्या बोटांना आणि हातमोजे घातलेल्या हातांना चेनची लहानशी कडी धरता येत नाही.

तंबूचा उंबरठा हा पडण्याचा हमखास धोका. हिम आत येऊ नये म्हणून जमिनीचे कापड काही इंच वर उचललेले असते आणि अंधारात पाय नेमका त्यातच अडकतो. त्यावर भडक रंगाची फीत शिवून घ्यावी. तंबू ताणून धरणारे दोरही रंगीत असावेत आणि दारापासून शौचालयापर्यंतच्या वाटेत एकही दोर आडवा येऊ नये. म्हातारपणी पडणे आणि हाड मोडणे यांत फार अंतर नसते, हे या सदराच्या वाचकांना सांगायला नको.

रात्री उठण्याचा प्रश्न

मोकळ्या जागेचा खरा संबंध आरोग्याशी आहे, तो असा. थंडीत आणि उंचीवर लघवीचे प्रमाण वाढते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, प्रोस्टेटचा त्रास असेल, तर विचारूच नका. दाटीच्या तंबूत उठायचे म्हणजे सगळ्यांची झोपमोड. म्हणून ज्येष्ठ मंडळी एक उपाय स्वतःच शोधतात आणि तो कोणाला सांगत नाहीत : दुपारपासून पाणी पिणे बंद करतात. वयपरत्वे तहान आधीच कमी झालेली असते. कोरड्या, थंड हवेत श्वासावाटे पाणी भराभर जात असते. परिणामी रक्तदाब घसरतो, चक्कर येते, आणि डोके दुखू लागते. तंबू अरुंद, म्हणून पाणी कमी, म्हणून दुखणे. ही साखळी बाहेरून दिसत नाही.

तिच्यावर उपाय आहे. मोठ्या तंबूच्या एका कोपऱ्यात पडदा लावावा आणि त्यामागे लघवीचे झाकणाचे भांडे किंवा घडीची खुर्ची ठेवावी. ज्येष्ठांची जागा त्या कोपऱ्याजवळ आणि दाराजवळ असावी. डोक्याला बांधायची विजेरी उशाशी ठेवावी. निघण्यापूर्वी मुलांनीच हा विषय सहजपणे काढावा. ‘‘बाबा, रात्रीची सोय केली आहे, पाणी नेहमीसारखे प्या,’’ एवढे एक वाक्य पुरते.

मोकळ्या तंबूचा दुसरा उपयोग म्हणजे एकाला दुसऱ्याजवळ बसता येते. वृद्ध शरीर थंडीला उशिरा दाद देते; कुडकुडी कमी भरते, म्हणून गारठा आत शिरल्याचे लक्षात येत नाही. शरीराचे आतले तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की बोलणे जड होते, बोटे नीट चालत नाहीत, उत्तरे असंबद्ध येऊ लागतात. ‘थकले आहेत, झोपू द्या,’ असे म्हणण्याजोगे ते वाटते; प्रत्यक्षात ती धोक्याची घंटा असते. अशा वेळी ओले कपडे बदलायला, कोरड्या पांघरुणात गुंडाळायला, शुद्धीवर असल्यास गरम गोड पेय पाजायला जागा लागते, आणि त्याच वेळी कोणी तरी मदतीसाठी बाहेर पडावे लागते. गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळूनच द्यावी. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांना चटका कळत नाही. मद्याने अंगात ऊब आल्यासारखी वाटते, पण कातडीकडे रक्त वाढून शरीराची उष्णता उलट बाहेर जाते. इन्शुलिन गोठले की निकामी होते. ते रात्री अंगावरच्या कपड्यांत, शरीराजवळ ठेवावे. तंबूच्या कोपऱ्यातल्या पिशवीत नव्हे.

मोठा, पण कसा?

तंबू मोठा हवा म्हणजे वाटेल तेवढा मोठा आणि वाटेल त्या आकाराचा चालेल, असे नाही. उन्हाळी सहलींसाठी मिळणारे उंच, सरळ भिंतींचे आणि सपाट छपराचे तंबू प्रशस्त दिसतात. बर्फात ते दगा देतात. एक घनमीटर ताजे, कोरडे हिम साधारण ५० ते १०० किलो वजनाचे असते. ओले हिम त्याहून पुष्कळ जड. सपाट छपरावर ते साचत जाते आणि काठ्या वाकतात. कोकणातले घर उतरत्या छपराचे का असते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला वेगळे समजावावे लागणार नाही. हिम घसरून जाईल असा उतार हवा. घुमटाकार तंबूत काठ्या एकमेकींना छेदतात आणि वारा कोणत्याही दिशेने आला तरी तग धरतात. मध्यखांबाचा शंकूसारखा तंबू उभारायला सोपा आणि उंचीला चांगला. मात्र कडेची जागा बसकी असल्याने त्यात माणसे कमी धरावीत. बोगद्यासारखा लांब तंबू आतून ऐसपैस असतो, पण तो दोरांच्या ताणावर उभा राहतो आणि आडव्या वाऱ्यात फडफडतो. सहलीच्या तळांवर दिसणारे जाड कॅनव्हासचे तंबू राहायला सुखाचे असतात. ते एका जागी कायम उभे राहण्यासाठीच असतात, कारण भिजून गोठल्यावर त्यांचे वजन उचलवत नाही.

साध्या खुंट्या भुसभुशीत हिमात टिकत नाहीत. दोराचे टोक काठीला किंवा हिमाने भरलेल्या पिशवीला बांधून ती आडवी पुरतात आणि वरून हिम दाबतात. तंबूची जागाही आधी पायांनी तुडवून सपाट करावी आणि अर्धा तास तशीच सोडावी. दाबलेले हिम तेवढ्यात घट्ट होते. नाही तर रात्री पाठीखाली खड्डा पडतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वरच्या बाजूला ३० ते ४५ अंशांचा मोकळा हिमउतार नसावा. बहुतेक हिमकडे अशाच उतारांवरून कोसळतात. जागा स्थानिक जाणकारांनाच निवडू द्यावी.

विचारायचे प्रश्न आणि नकाराचा हक्क

तंबू सहल नेणाऱ्यांचा असेल, तर पैसे भरण्यापूर्वी हे विचारा : एका तंबूत नेमकी किती माणसे? मधली उंची आणि दाराची उंची किती? झरोके कोठे आहेत? गादीचा ‘आर’ आकडा किती? रात्री तंबूत काही पेटवले जाते का? शौचालय किती पावलांवर आहे? मोटार तंबूच्या किती जवळ येते, आणि रात्री दोन वाजता खाली उतरायची वेळ आली तर वाहन आणि चालक हजर असतील का? शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरे गुळमुळीत आली, तर तो बेत ज्येष्ठांसाठी नाही असे समजावे. ‘सिगडी देतो, काळजी करू नका,’ असे कोणी अभिमानाने सांगितले, तर काळजी तेथूनच सुरू करावी.

हृदयविकार, फुप्फुसांचा जुना आजार, अनियंत्रित रक्तदाब, किंवा अलीकडे झालेली शस्त्रक्रिया असल्यास आपल्या डॉक्टरांना उंचीचा आकडा सांगून सल्ला घ्या. ‘मनालीला चाललो आहोत’ एवढे सांगून भागत नाही. मनालीची उंची सुमारे २,००० मीटर आहे आणि तंबू बहुधा त्याहून वर असतो. पहिल्या एक-दोन रात्री खालच्या उंचीवर पक्क्या घरात काढाव्यात. वर गेल्यावर झोपूनही धाप लागत असेल, चालताना तोल जात असेल, बोलण्यात गोंधळ जाणवत असेल, तर सकाळची वाट पाहू नका, खाली उतरा.

आणि एक मधला मार्गही आहे, तो कमीपणाचा मुळीच नाही. दिवसा बर्फावर जावे, मोठा तंबू उभारावा, त्यात सर्वांनी बसून चहा घ्यावा, नातवंडांनी बाहेर हिमाचे गोळे करावेत, आजी-आजोबांनी दारातून ते पाहावे. आणि सूर्य कलण्याआधी खालच्या पक्क्या घरात परतावे. मुलांना रात्र राहायचेच असेल तर त्यांनी खुशाल राहावे. आठवण तेवढीच राहते, धोका मात्र पुष्कळ कमी होतो.

ज्येष्ठ वाचकहो, अखेरचे सांगणे आपल्याला. बर्ड यांनी दुखणे लपवले तेव्हा त्यांच्याजवळ कोणीच नव्हते. आपल्या शेजारी सारे घर झोपलेले असेल. डोके दुखले, पाय बधिर झाले, भीती वाटली, तर अंधारात तसेच पडून राहू नका. शेजारच्याला हलवून उठवा. आणि काळजी घेणाऱ्यांनो, रात्री एकदा जाग आली की दोन गोष्टी करा : छताजवळचा झरोका उघडा आहे ना हे हाताने चाचपून पाहा, आणि हलक्या आवाजात विचारा, ‘‘आई, ठीक आहेस ना?’’ या प्रश्नासाठी तंबूत जागा हवी.